खुब्यातला लॅब्रम फाटलाय? आधी हाडाकडे बघा

एमआरआयच्या रिपोर्टात ‘लॅब्रल टिअर’ हे शब्द पहिल्यांदा वाचले तेव्हा माझं सगळं लक्ष त्या ‘टिअर’वर खिळलं. काहीतरी फाटलंय, म्हणजे ते शिवायचं, आणि शिवलं की संपलं, असा सरळ हिशेब मी करून टाकला. त्याच रिपोर्टात दोन ओळी खाली लिहिलं होतं की मांडीच्या हाडाच्या मानेवर उंचवटा आहे. ती ओळ मी वाचून सोडून दिली. माझ्या दुखण्याचं मूळ त्या ओळीत होतं, हे कळायला मला पुढे बरेच महिने लागले.

मी डॉक्टर नाही. डाव्या खुब्याचं ऑपरेशन झालेली रुग्ण आहे. ज्यांच्या हातात असा रिपोर्ट नुकताच पडलाय, त्यांच्यासाठी मी हे लिहितेय, आणि मी ज्या क्रमाने जायला हवं होतं त्या क्रमाने लिहितेय. तुमच्या सांध्याचा निर्णय तुमचे डॉक्टरच घेतील. पण त्यांच्यासमोर बसताना काय विचारायचं हे माहीत असलं की खूप फरक पडतो.

पायरी १: सांधा डोळ्यांसमोर आणा

खुबा म्हणजे वाटीत बसलेला गोळा. वाटी कमरेच्या हाडात, गोळा मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला. गोळ्याच्या खाली हाड निमुळतं होतं, त्याला मान म्हणतात. वाटी आणि गोळा दोन्हींवर गुळगुळीत कूर्चेचा, म्हणजे कार्टिलेजचा थर असतो. शिवाय वाटीच्या काठाला चिवट, रबरासारख्या कूर्चेची एक कड असते. ती कड म्हणजे लॅब्रम.

प्रेशर कुकरच्या झाकणातली रबरी रिंग आठवा. लॅब्रमचं काम बरंचसं तसंच आहे. तो वाटी थोडी खोल करतो, गोळ्याभोवती घट्ट बसतो आणि सांध्यातलं वंगण आत कोंडून धरतो. तो फाटला की ही पकड ढिली पडते. त्याला वेदना कळते, कारण त्यात मज्जातंतू असतात. रक्तपुरवठा मात्र तुटपुंजा, तोही मुख्यतः बाहेरच्या बाजूने. म्हणून फाटलेला लॅब्रम आपोआप नीट जुळून येईल, अशी फारशी आशा नसते.

आता तीच कुकरची गोष्ट पुढे न्या. झाकणाचा काठच वाकला असेल तर नवी रिंग घालूनही ती पुन्हा चिरणार. पुढचा सगळा लेख त्या वाकलेल्या काठाबद्दल आहे.

पायरी २: दुखणं नेमकं कुठे आहे ते बोटाने दाखवा

डॉक्टरांनी मला ‘कुठे दुखतं?’ असं विचारलं तेव्हा मी बोट ठेवलंच नाही. अंगठा मागे, बाकीची बोटं पुढे जांघेत, असा पंजा मी खुब्याला कवेत घेतल्यासारखा धरला. ते म्हणाले, ‘पुष्कळ जण असंच दाखवतात.’ पंजाचा आकार इंग्रजी सी अक्षरासारखा होतो, म्हणून याला ‘सी साइन’ म्हणतात. दुखणं खोल आत आहे आणि एका टोकावर बोट ठेवता येत नाही, असं हा हात सांगत असतो.

सांध्याच्या आतलं दुखणं बहुतेक वेळा जांघेत जाणवतं. बराच वेळ खुर्चीत बसून उठताना, गाडीतून एक पाय बाहेर टाकताना, मोजा घालायला गुडघा छातीकडे घेताना, उकिडवं बसताना, जिने चढताना. काहींना आत ‘कट’ असा आवाज येतो, काहींना पाऊल टाकताना सांधा क्षणभर अडकल्यासारखा वाटतो. याउलट कुशीवर झोपल्यावर खुब्याच्या बाहेरच्या टणक हाडावर दुखत असेल, तर ते बरेचदा तिथल्या स्नायूंच्या दोऱ्यांचं दुखणं असतं. त्याचे उपचार वेगळे.

गोंधळ होतोच. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लॅब्रम फाटलेल्या ६६ रुग्णांची माहिती घेतली होती. दुखणं सुरू झाल्यापासून नेमकं निदान व्हायला त्यांना सरासरी २१ महिने लागले होते, आणि तोवर प्रत्येकाने सरासरी तीनहून जास्त तज्ज्ञ गाठले होते. माझे चौदा महिने कंबरेच्या व्यायामांत गेले. त्या काळात पाय आत वळवून खुबा तपासला, असं एकदाही झालं नाही.

ती तपासणी अगदी साधी असते. तुम्हाला पाठीवर झोपवून गुडघा छातीकडे आणतात, मग पाय दुसऱ्या बाजूला आणि आतल्या दिशेला वळवतात. नेहमीचंच जांघेतलं दुखणं तिथे जागं झालं तर संशय सांध्याकडे वळतो. मात्र ही चाचणी इतर कारणांनीही दुखू शकते. ती दुखली नाही तर सांध्याचा दोष असण्याची शक्यता कमी होते, पण केवळ ती दुखली म्हणून निदान पक्कं होत नाही.

पायरी ३: हाडाचा आकार कुठल्या प्रकारात बसतो ते शोधा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची. लॅब्रम पडल्यामुळे किंवा अपघातानेही फाटतो. पण तरुण आणि मध्यम वयात, काही लागलेलं नसताना तो फाटला असेल, तर बहुतेक वेळा हाडाचा आकारच त्याला रोज चिमटत किंवा ताणत असतो.

*कॅम.* गोळ्यापासून मानेकडे जाताना हाडाला जी खोलगट कंबर हवी, ती नसते. तिथे उंचवटा असतो. पाय वाकवून आत वळवला की तो उंचवटा वाटीत घुसतो आणि काठाजवळची कूर्चा आतून खरवडतो. कूर्चा आणि लॅब्रम जिथे जोडलेले असतात तिथेच फट पडते. हा उंचवटा साधारणपणे वयात येताना, हाडांची वाढ चालू असताना तयार होतो. लहान वयात फुटबॉल, आइस हॉकी यांसारखे खेळ जोमाने खेळणाऱ्या मुलांत तो जास्त आढळतो.

*पिन्सर.* इथे दोष वाटीचा. तिचा काठ गोळ्यावर गरजेपेक्षा जास्त पुढे आलेला असतो, किंवा संपूर्ण वाटी मागच्या दिशेला फिरलेली असते. वाकताना मानेचं हाड काठावर आदळतं आणि मधे लॅब्रम चेंगरतो. कॅम आणि पिन्सर दोन्ही एकाच सांध्यात असणंही अगदी नेहमीचं.

या दोन्हींना मिळून फेमोरोअॅसिटॅब्युलर इम्पिंजमेंट किंवा थोडक्यात एफएआय म्हणतात. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरातले शल्यचिकित्सक राइनहोल्ड गांझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली ही कल्पना नीट मांडली: तरुण सांध्यातली ही रोजची टक्कर पुढे खुब्याच्या संधिवाताचं एक कारण ठरते. त्यासाठी त्यांना सांधा प्रत्यक्ष उघडून बघता आला होता. गोळा वाटीबाहेर काढूनही त्याचा रक्तपुरवठा शाबूत ठेवण्याची त्यांची पद्धत २००१ साली प्रसिद्ध झाली होती.

*उथळ वाटी, म्हणजे डिसप्लेझिया.* हे बरोबर उलटं. वाटी गोळ्याला पुरेशी झाकत नाही. गोळा काठाकडे सरकू बघतो, आणि हाडाने करायचं काम बिचाऱ्या लॅब्रमवर येऊन पडतं. अशा सांध्यात तो बहुधा जाड झालेला असतो, आणि ताणाने फाटतो. हा प्रकार स्त्रियांमध्ये जास्त दिसतो. रिपोर्टवर शब्द तेच, ‘लॅब्रल टिअर’. उपचार मात्र पूर्ण वेगळे. म्हणूनच मी सारखी हाडावर येते.

पायरी ४: मोजमाप मागा

एमआरआयच्या आधी साधा, पण नीट काढलेला एक्स-रे लागतो. संपूर्ण कटिभागाचा समोरून एक, आणि मानेचा उंचवटा दिसेल असा पाय वाकवून व बाहेर फाकवून काढलेला एक. त्याला डन व्ह्यू म्हणतात. उथळ वाटीचा संशय असेल तर तिरका उभा राहून काढायचा आणखी एक असतो.

मला हे कसं समजलं ते सांगते. सर्जननी स्क्रीनवर माझ्या गोळ्याभोवती एक वर्तुळ काढलं. उजवीकडून, वरून, डावीकडून हाड त्या रेषेला धरून चाललं होतं. मग एका जागी हाडाने रेषा ओलांडली आणि बाहेर आलं. त्या बिंदूपासून गोळ्याच्या केंद्राकडे एक रेघ, केंद्रातून मानेच्या मधोमध दुसरी रेघ, आणि दोन्हींमधला कोन: ६६ अंश. हा अल्फा कोन. साधारण ५५ अंशांच्या पुढे गेला की कॅम आहे असं धरतात, काही ठिकाणी ६० ही मर्यादा घेतात. चौदा महिने जे मला ‘आत काहीतरी आहे’ एवढंच वाटत होतं, ते एका रेघेबाहेर आलेल्या हाडाच्या रूपात समोर दिसलं.

वाटीसाठी दुसरा कोन असतो, सेंटर-एज अँगल. तो २५ ते ४० अंशांच्या दरम्यान असला तर वाटी ठीक. २० च्या खाली डिसप्लेझिया, २० ते २५ सीमारेषेवर, ४० च्या पुढे वाटी जास्त झाकणारी. हे दोन्ही आकडे विचारून वहीत लिहून ठेवा. त्यासोबत तिसरीही गोष्ट विचारा: सांध्यातली मोकळी जागा किती उरली आहे? ती २ मिलिमीटर किंवा त्याहून कमी झाली असेल तर कूर्चा बरीच झिजली आहे, आणि लॅब्रम शिवण्याचा फायदा फार कमी होतो.

एमआरआय लॅब्रम आणि कूर्चा दाखवतो. कधी सांध्यात रंगद्रव्य सोडून तो काढतात, तेव्हा फट अधिक स्पष्ट दिसते. पण रिपोर्ट वाचून घाबरू नका. २०१२ साली खुब्याचं काहीही दुखणं नसलेल्या ४५ जणांचे एमआरआय काढले, तर ६९ टक्के जणांच्या लॅब्रममध्ये फाट दिसली. त्यांचं सरासरी वय ३८ च्या आसपास होतं. कॅमचंही तसंच, तो असूनही आयुष्यभर न दुखलेली माणसं पुष्कळ आहेत. म्हणून २०१६ साली इंग्लंडमधल्या वॉरिक इथे जमलेल्या तज्ज्ञांनी एफएआयच्या निदानाला तीन गोष्टी एकत्र लागतात असं ठरवलं: रुग्णाला होणारा त्रास, तपासणीत मिळणारी लक्षणं आणि चित्रात दिसणारा आकार. तीनपैकी एकही सुटली तर निदान होत नाही.

शंका उरलीच तर सांध्यात भूल देणारं औषध सोडून बघतात. त्या दोन-चार तासांत जिना चढा, खाली बसा, जे दुखतं तेच मुद्दाम करून बघा आणि किती टक्के बरं वाटलं ते लिहून ठेवा. दुखणं गेलं तर ते सांध्यातलंच होतं. काहीच फरक पडला नाही तर ऑपरेशनची घाई करू नका, दुखण्याचं मूळ दुसरीकडे आहे.

पायरी ५: फिजिओथेरपीला खरी संधी द्या

मी हे नाइलाजाने केलं आणि नंतर त्याचं मोल कळलं. नितंबांचे आणि पोटाचे स्नायू बळकट करणं, खोल वाकून बसायच्या सवयी बदलणं, खुर्ची थोडी उंच घेणं, दुखेल अशा हालचाली थांबवणं, असं निदान तीन महिने करावं. हाडाचा आकार याने बदलत नाही. पण सांधा त्या आकारात राहून काम करायला शिकतो, आणि बऱ्याच जणांना तेवढं पुरतं. एक चूक टाळा: जांघ आखडली म्हणून गुडघा जोर लावून छातीकडे ताणत राहू नका. ती आखडलेली जागा बहुधा हाडाला हाड लागण्याची जागा असते.

ब्रिटनमध्ये २३ रुग्णालयांतल्या ३४८ रुग्णांवर केलेली एक मोठी चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. अर्ध्यांना दुर्बिणीची शस्त्रक्रिया, अर्ध्यांना व्यक्तिगत फिजिओथेरपी. वर्षभराने दोन्ही गट सुधारले होते. १०० गुणांच्या मोजणीत शस्त्रक्रियेचा गट सुमारे ७ गुणांनी पुढे होता. हा फरक खरा आहे, पण डोंगराएवढा नाही. शस्त्रक्रियेने पुढचा संधिवात टळतो असं अजून सिद्ध झालेलं नाही. कुणी तसं ठामपणे सांगितलं तर दुसरं मत घ्या.

पायरी ६: कुठलं ऑपरेशन, आणि का

एफएआय असेल आणि कूर्चा चांगली असेल तर बहुतेक वेळा दुर्बिणीने, म्हणजे आर्थ्रोस्कोपीने काम होतं. भूल दिल्यावर पाऊल जाड पॅड लावलेल्या बुटात अडकवतात आणि पाय ओढून गोळा वाटीपासून साधारण एक सेंटिमीटर दूर करतात. तेवढ्याच फटीतून कॅमेरा आणि अवजारं आत जातात. त्वचेवर दोन-तीन लहान छेद असतात. हाडात दोरा बांधलेले बारीक अँकर ठोकून लॅब्रम पुन्हा काठाला शिवतात. तो शिवण्याजोगा उरला नसेल तर दुसरीकडचा स्नायुबंध वापरून नवी कड तयार करतात. फाटलेला भाग नुसता कापून काढण्याची पद्धत पूर्वी सर्रास होती, आता शक्य तिथे शिवण्याकडेच कल आहे.

मग ओढ सैल करतात आणि मानेवरचा उंचवटा फिरत्या अवजाराने घासून काढतात. माझ्या मते ऑपरेशनचा हा भाग सगळ्यांत नाजूक. कमी घासलं तर टक्कर चालूच राहते. दुसऱ्यांदा ऑपरेशन करावं लागण्यामागे उरलेला उंचवटा हे एक मोठं कारण असतं. जास्त घासलं तर मान कमकुवत होऊन मोडण्याचा धोका. म्हणून सर्जनना थेट विचारा: वर्षाला असे किती खुबे करता? उंचवटा पुरेसा निघाला हे टेबलावरच कसं तपासता? सांध्याचं आवरण शेवटी शिवता का? हे प्रश्न विचारताना संकोच वाटतो, मलाही वाटला. चांगले डॉक्टर त्यांची शांतपणे उत्तरं देतात.

वाटी उथळ असेल तर नुसता लॅब्रम शिवून भागत नाही, उलट सांधा आणखी अस्थिर होऊ शकतो. तिथे वाटीभोवतीचं हाड ठरावीक जागी कापून, वाटी फिरवून, गोळ्यावर नीट आणून स्क्रूने बसवतात. याला पेरिअॅसिटॅब्युलर ऑस्टिऑटॉमी म्हणतात. हीही बर्नमध्येच गांझ यांनी १९८४ साली सुरू केली. ऑपरेशन मोठं आहे, कुबड्याही जास्त आठवडे लागतात, पण ते मूळ दोषावर काम करतं. आणि कूर्चा झिजून गेली असेल तर प्रामाणिक उत्तर बहुतेक वेळा सांधा बदलणं हेच असतं.

धोकेही ऐकून घ्या. पाय ओढल्यामुळे किंवा छेदांजवळची नस दुखावल्यामुळे जांघेत किंवा मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा येतो. बहुतेकांचा काही आठवड्यांत जातो. सांध्याभोवती नको तिथे हाड तयार होऊ शकतं, त्यासाठी काही डॉक्टर सूज उतरवणाऱ्या गोळ्या देतात. जंतुसंसर्ग आणि पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी हे क्वचित, पण गंभीर.

पायरी ७: ऑपरेशननंतरचे आठवडे

पहिल्या सकाळी मी पलंगावरून उतरायला गेले आणि डावा पाय उचललाच जाईना. दुखत नव्हता, नुसता माझं ऐकत नव्हता. फिजिओथेरपिस्टनी सांगितलं, उजव्या पायाचा पंजा डाव्या घोट्याखाली घाला आणि त्याच्यावर डावा पाय तोलून बाहेर आणा. पुढचे दोन आठवडे मी असंच उठत-बसत होते. मांडी पुढे उचलणारा स्नायू सांध्याच्या अगदी समोरून जातो, त्याला या काळात जोर लावायला लावू नये. तो एकदा चिडला की महिनाभर पाठ सोडत नाही.

कुबड्या साधारण दोन ते चार आठवडे असतात. पाऊल सपाट टेकवून थोडाच भार द्यायचा. पाऊल हवेत उचलून धरू नका, त्याने सांध्यावर उलट जास्त दाब येतो. कूर्चेवर वेगळं काम केलं असेल तर कुबड्या सहा आठवड्यांपर्यंत लांबतात. बिनभाराची स्थिर सायकल बहुधा पहिल्याच आठवड्यात सुरू होते, सीट उंच ठेवून. खुबा ९० अंशांच्या पुढे वाकवायचा नाही, असं बहुतेक ठिकाणी सुरुवातीचे काही आठवडे सांगतात. म्हणून घरी यायच्या आधी उंच खुर्ची, कमोडवर लावायची उंच सीट आणि बूट घालायचा लांब चमचा जमवून ठेवा. पोटरी सुजली, दम लागला, ताप आला किंवा जखमेतून पाणी आलं, तर भेटीच्या तारखेची वाट बघू नका.

सहाव्या-सातव्या आठवड्यात मला वाटलं की सगळं फसलं. कुबड्या सुटल्या, मी जास्त चालले आणि जांघ पुन्हा दुखायला लागली. असे चढउतार येतातच. दोन दिवस भार कमी करा आणि दुखणं उतरतंय का ते बघा. पळणं साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर, खेळ सहा महिन्यांच्या आसपास, आणि पूर्ण सुधारणा व्हायला वर्षही लागतं. कॅलेंडर बघून पळू नका. एका पायावर दहा वेळा अर्धवट बसताना गुडघा आत न झुकता आणि कंबर न लचकता जमतंय का, ते फिजिओथेरपिस्टसमोर तपासून घ्या.

आणि दुसरा खुबा?

कॅम बरेचदा दोन्ही बाजूंना असतो. माझ्या उजव्या खुब्याचा कोन ६१ आहे. तोही लगे हाथ करून टाका, असं मी म्हटलं तेव्हा सर्जननी विचारलं, ‘दुखतो का?’ नाही. ‘मग कशाला?’ त्या एक्स-रेवरही हाड वर्तुळाच्या थोडं बाहेर आलेलं स्पष्ट दिसतं. तीन वर्षं झाली, त्या सांध्याने कधी कुरकुर केलेली नाही. मी फक्त खोल वाकून बसणं टाळते, आठवड्यातून तीनदा नितंबांचे व्यायाम दोन्ही बाजूंनी सारखे करते, आणि तो एक्स-रे जुन्या फाइलमध्ये जपून ठेवलाय.